पंचगंगेकाठचा पोलंड

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात वळिवडे नावाच्या एका लहानशा स्थानकावरून जाते. स्थानकाला लागून असलेली वस्ती आज गांधीनगर या नावाने ओळखली जाते आणि कापडाची मोठी बाजारपेठ म्हणून तिचा लौकिक आहे. लग्नसराईच्या खरेदीसाठी तेथे येणाऱ्या माणसाला त्या जागेचा पूर्वेतिहास ठाऊक असण्याचे काही कारण नाही. परंतु १९४३ पासून १९४८ पर्यंत या माळावर युरोपातील एका देशाचे गाव वसलेले होते. सुमारे पाच हजार माणसे तेथे राहत होती. त्यांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले; कर्ते पुरुष फार थोडे. गावात शाळा होत्या, इस्पितळ होते, चर्च होते, नाटके होत असत. मुले पंचगंगेत पोहावयास जात आणि वर्गात आपल्या देशाच्या नद्यांची नावे घोकीत. त्या नद्या त्यांतील पुष्कळांना पुन्हा कधीच पाहावयास मिळाल्या नाहीत.

ही माणसे पोलंडची. ती येथे कशी आली, हा प्रश्न साहजिक आहे. पण त्याहून अवघड प्रश्न असा की, येथे येईपर्यंत जे त्यांनी सोसले ते सोसूनही त्यांची प्रार्थना आणि पाटी-पुस्तक ही दोन्ही हातातून गळून कशी पडली नाहीत. त्याचे उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

पोलंड हे राष्ट्र एकदा नकाशावरून पुसले गेलेले राष्ट्र होते. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन बलाढ्य शेजाऱ्यांनी १७७२, १७९३ आणि १७९५ अशा तीन वेळा त्याचे लचके तोडले, आणि तिसऱ्या खेपेस काहीच उरले नाही. तेव्हापासून १९१८ पर्यंत, म्हणजे एकशे तेवीस वर्षे, पोलंड नावाचे राज्य जगात नव्हते. राज्य नव्हते, पण पोलिश भाषा होती, कॅथलिक धर्म होता, आणि ही दोन्ही जपण्याचे काम दरबारात किंवा छावणीत नव्हे तर घरोघरच्या स्वयंपाकघरात चालले होते. १९०१ साली प्रशियाच्या ताब्यातील व्झेश्न्या नावाच्या गावी शाळेतल्या मुलांनी धर्मपाठाची उत्तरे जर्मन भाषेत देण्यास नकार दिला, म्हणून त्यांना छड्यांनी मारले. त्याविरुद्ध उठलेल्या आईबापांना तुरुंगात जावे लागले. देवाशी बोलावयाचे ते आईच्या भाषेत, एवढाच त्या मुलांचा हट्ट होता. पुढे वळिवड्याच्या माळावर जे घडले त्याची मुळे या हट्टात आहेत.

१९१८ साली पोलंड पुन्हा उभा राहिला, आणि एकवीस वर्षांतच पुन्हा कोसळला. १९३९ च्या ऑगस्टमध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्या सरकारांनी परस्परांवर आक्रमण न करण्याचा करार केला, व त्याला जोडलेल्या गुप्त कलमान्वये पूर्व युरोप आपसांत वाटून घेतला. १ सप्टेंबरला जर्मन फौजा पश्चिमेकडून पोलंडात शिरल्या. १७ सप्टेंबरला सोव्हिएत फौजा पूर्वेकडून आल्या. वळिवड्यास जे लोक पुढे आले ते या पूर्वेकडील भागाचे, ल्वूव, विल्नो या शहरांच्या भोवतालच्या मुलखातले. त्यांत शेतकरी होते, वनरक्षक होते, शिक्षक, पोलीस, रेल्वेतले नोकर, निवृत्त सैनिक आणि त्यांची कुटुंबे होती. नव्या राजवटीच्या दृष्टीने हे सारे लोक संशयित ठरले.

१० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे त्यांच्या दारांवर बंदुकीचे दस्ते आदळले. त्या वर्षी थंडी अशी की पारा गोठणबिंदूच्या खाली तीस-चाळीस अंश उतरलेला. कोठे अर्धा तास, कोठे फार तर दोन तास, एवढ्या अवधीत घर आवरून बाहेर पडावयाचे होते. कोठे जावयाचे ते सांगितले जात नव्हते. आपल्या संसारातले काय घ्यावे आणि काय टाकावे हे एखाद्या बाईने अर्ध्या तासात ठरवावयाचे, आणि तेही बंदूक रोखलेली असताना! जिने पिठाचे पोते व पिसांची दुलई उचलली तिची मुले जगण्याची शक्यता अधिक. पण पुष्कळींनी त्याबरोबर भिंतीवरची मरियेची तसबीरही उतरवून दुलईत गुंडाळली, असे त्या प्रवासातून वाचलेल्यांच्या आठवणींत वारंवार येते. व्यवहाराच्या हिशेबाने ते ओझेच होते.

मालगाडीच्या डब्यात मध्ये एक लोखंडी शेगडी, भिंतीलगत फळ्यांचे मजले आणि जमिनीत पाडलेले एक भोक, तेच शौचकूप. अशा डब्यांतून प्रवास दोन-दोन, तीन-तीन आठवडे चाले. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे वाटेतच जात. गाडी थांबली की प्रेत बर्फात ठेवून पुढे निघावे लागे. मातीत पुरणे शक्यच नव्हते, जमीन दगडासारखी गोठलेली असे. एकट्या फेब्रुवारीच्या त्या खेपेत सुमारे एक लाख चाळीस हजार माणसे नेली गेली. एप्रिल आणि जून १९४० मध्ये व जून १९४१ मध्ये आणखी खेपा झाल्या. अशा रीतीने देशोधडीला लागलेल्यांची संख्या पोलिश लोक दहा लाखांहून अधिक सांगत आले होते. सोव्हिएत दप्तरे उघडल्यानंतर जे आकडे मिळाले ते चारही खेपा मिळून सुमारे तीन लाख वीस हजार भरतात. आकडा कोणताही धरला, तरी डब्यातल्या आईच्या मांडीवरचे मूल एकच असते.

आर्खांगेल्स्कची अरण्ये, उरल पर्वताचा परिसर, अल्ताई, कझाकस्तानची ओसाड माळराने अशा ठिकाणी ही माणसे विखुरली गेली. बायका आणि चौदा-पंधरा वर्षांची मुले कंबरभर बर्फात उभी राहून झाडे तोडीत. कामाचे प्रमाण ठरलेले असे आणि पावाचा तुकडा त्या प्रमाणाशी बांधलेला असे. काम अपुरे तर पाव अपुरा, पाव अपुरा तर दुसऱ्या दिवशी काम आणखी अपुरे. त्या चक्रात माणूस झिजत झिजत संपे. येथून परत जाणे नाही, हे मनातून काढून टाका, असे अधिकारी पहिल्याच दिवशी बजावीत.

मुलांच्या आठवणींत एक प्रसंग निरनिराळ्या गावांहून, निरनिराळ्या तोंडून आलेला आहे. शिक्षक वर्गात मुलांना सांगे, देवाजवळ पाव मागा. मुले हात जोडून मागत. पाव येत नसे. मग तो म्हणे, आता स्टालिनजवळ गोळ्या मागा. मुलांनी मागितले की दारातून किंवा छतातल्या फटीतून गोळ्या टेबलावर पडत. भुकेल्या मुलापुढे मांडलेली याहून कठोर परीक्षा कल्पिणे कठीण आहे. किती मुलांनी त्या गोळ्या खाल्ल्या? बहुधा सर्वांनीच खाल्ल्या असतील, आणि त्यांना कोण दोष देईल! पण रात्री त्यांतलीच काही मुले आईच्या कुशीत, पांघरुणाखाली, ओठ न हलवता प्रार्थना म्हणत असत. नाताळच्या पूर्वसंध्येला पोलिश घरांत ‘ओप्लातेक’ नावाची पिठाची पातळ पापडी एकमेकांना मोडून देण्याची रीत आहे. सैबेरियात ती कोठून येणार? दिवसभराच्या रेशनातला काळ्या पावाचा तुकडा बायका राखून ठेवीत आणि तोच मोडून वाटीत. सबंध दिवस राबून मिळालेला तुकडा रीत पाळण्यासाठी बाजूला ठेवावयाचा, याचा अर्थ ज्याने तशी भूक भोगली नाही त्याला पुरता कळावयाचा नाही.

१३ एप्रिल १९४० च्या खेपेची कथा आणखी दारुण आहे. या वेळी नेलेल्या सुमारे एकसष्ट हजार लोकांत बायका-मुलांचा भरणा होता; ज्यांचे पुरुष अटकेत किंवा युद्धबंदी होते अशी ही कुटुंबे. पोलिश सैन्याचे हजारो अधिकारी कोझेल्स्क, स्तारोबेल्स्क आणि ओस्ताश्कोव्ह येथील छावण्यांत होते, आणि हिवाळ्यात त्यांना घरी पत्रे लिहिण्याची मुभा मिळाली होती. त्या पत्रव्यवहारावरून कुटुंबांचे पत्ते अधिकाऱ्यांच्या हाती आले. वसंत ऋतू आला आणि पत्रे एकाएकी थांबली. बायकांनी सैबेरियातून व कझाकस्तानातून पाठविलेली पत्रे परत येऊ लागली. पत्ता बदलला असेल, दूर कोठे नेले असेल, असे त्या एकमेकींना सांगत राहिल्या. वस्तुस्थिती अशी होती की, ज्या आठवड्यांत त्यांना गाड्यांत कोंबले जात होते त्याच आठवड्यांत कातिनच्या जंगलात आणि अन्यत्र त्यांच्या पुरुषांना गोळ्या घालून पुरले जात होते. मारल्या गेलेल्यांची एकूण संख्या सुमारे बावीस हजार आहे.

२२ जून १९४१ रोजी हिटलर स्टालिनवर उलटला आणि जगाच्या राजकारणाचा सारीपाट फिरला. ३० जुलैला लंडनमध्ये जनरल सिकोर्स्की यांच्या परागंदा पोलिश सरकारचा आणि सोव्हिएत राजदूत मैस्की यांचा करार झाला, व १२ ऑगस्टला पोलिश बंद्यांना ‘माफी’ देण्यात आली. ज्यांनी गुन्हाच केला नव्हता त्यांना माफी कशाची, हा प्रश्न पोलिश लोक अद्याप विचारतात. पण त्या क्षणी शब्दावरून भांडण्याची चैन कोणाला परवडणार होती? मॉस्कोच्या तुरुंगातून सुटलेले जनरल आंडेर्स सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभारू लागले आणि ही बातमी अरण्यांतून, खाणींतून, सामुदायिक शेतांतून पसरत गेली. लोक दक्षिणेकडे निघाले. कोणी लाकडाच्या तराफ्यावरून नदीने, कोणी मालगाडीच्या छपरावरून, कोणी पायी. हजारो मैलांचा तो प्रवास उझबेकिस्तानात संपे. आणि तेथे विषमज्वर व हगवण वाट पाहत बसलेली असत. गुझार येथील दफनभूमी इतक्या वेगाने भरली की जे सैबेरियाला जमले नाही ते येथे साथीने केले. आपण वाचत नाही असे दिसल्यावर कित्येक मातांनी आपली मुले सैन्याने उघडलेल्या अनाथालयांच्या दाराशी नेऊन सोडली, कारण अनाथ मुलांना देशाबाहेर नेणार असे कानावर आले होते. पोर जगावे म्हणून आईने जिवंतपणी त्याला पोरके केले. अशा मुलांपैकी काही पुढे भारतात वाढली.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये व ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्राच्या काठावरील क्रास्नोवोद्स्क बंदरातून खचाखच भरलेल्या बोटी इराणातील पहलवी बंदराकडे सुटल्या. सुमारे एक लाख पंधरा हजार पोलिश माणसे त्या मार्गाने बाहेर पडली. पहलवीच्या वाळूवर उतरल्यावर त्यांचे कपडे जाळण्यात आले, केस काढण्यात आले आणि पोटभर अन्न देण्यात आले. कित्येकांच्या आतड्यांना ते अन्नही सोसले नाही. सुटका झालेली सहाशेहून अधिक माणसे तेथील एकाच दफनभूमीत निजली आहेत.

भारताचा संबंध याच्याही थोडा आधी जुळला होता. मुंबईचे पोलिश कॉन्सल-जनरल बनासिंस्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांच्या खटपटीने मदतीचे सामान घेऊन मोटारी क्वेट्टा-मशहद मार्गाने सोव्हिएत सरहद्दीवरील अश्काबादला गेल्या आणि येताना अनाथ मुले घेऊन आल्या. १९४२ च्या एप्रिलमध्ये ही मुले मुंबईस वांद्र्याला पोहोचली. त्यांना कायमचे ठेवावयाचे कोठे, असा प्रश्न पडला तेव्हा नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी पुढे आले, व जामनगरजवळ बालाचडी येथे समुद्रकाठी त्यांच्यासाठी वसतिगृहे उभी राहिली. आजपासून तुम्ही अनाथ नाही, मी तुमचा बापू, अशा अर्थाचे शब्द त्यांनी मुलांचे स्वागत करताना काढले, असे ती मुले पुढे म्हातारपणीही सांगत. मुलांना पालक आवडत नाही हे समजल्यावर पालक शिजविणे बंद करण्याची आज्ञा महाराजांनी दिली, ही आठवणही त्यांनी तितक्याच कृतज्ञतेने जपली. संस्थानिकांविषयी एकोणिसशे सत्तेचाळीसनंतरच्या पिढीने जे भलेबुरे लिहिले त्यात या भाजीची नोंद सहसा सापडत नाही.

बालाचडीच्या मुलांनी उशीखाली पावाचे तुकडे लपवून ठेवावयाचे हे पुष्कळ दिवस चालू राहिले. जेवण दोन्ही वेळा मिळते हे त्यांना दिसत होते, पण उद्या मिळेल यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. धर्मावरची श्रद्धा अढळ आणि उद्याच्या पावावर मात्र अविश्वास, अशी ही विचित्र अवस्था होती. यात विसंगती आहे असे ज्याला वाटेल त्याने त्या मुलांचे मागचे दोन हिवाळे ध्यानात घ्यावेत.

वळिवड्याचा तळ १९४३ च्या उन्हाळ्यानंतर भरू लागला. इराणातून कराचीला, कराचीहून पुढे, आणि शेवटी आगगाडीने वळिवड्याच्या स्थानकावर अशा टोळ्या येत गेल्या. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. बालाचडीचा खर्च दानातून चालला, परंतु वळिवड्याचा खर्च मुख्यतः लंडनमधील पोलिश सरकारच सोशीत होते. कोल्हापूर संस्थानाने आसरा दिला आणि तेथील माणसांनी शेजार दिला. त्याच वर्षी बंगालमध्ये भुकेने लाखो माणसे मरत होती आणि देशाचे पुढारी तुरुंगात होते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या शेजाराची किंमत कळते. परदेशी गोरा म्हणजे सत्ताधारी, ही येथील माणसाची तोवरची ओळख. आपल्यापेक्षाही निराधार गोरा माणूस त्याने प्रथमच पाहिला.

लांबच लांब बराकींत प्रत्येक कुटुंबाला आपापली जागा आणि आपापली चूल मिळाली. या चुलीचे महत्त्व फार. तीन वर्षे ज्या बायकांनी रांगेत उभे राहून दुसऱ्याच्या हातून कालवण घेतले होते त्यांना आता दरमहा ठराविक भत्ता मिळू लागला, बाजारात जाऊन भाजी निवडता येऊ लागली, घासाघीस करता येऊ लागली. आसपासचे दुकानदार कामापुरते पोलिश बोलू लागले, आणि मुले मराठी आकडे शिकली. बराकीपुढच्या हातभर जागेत फुलझाडे लागली. शाळा तर तळ पुरता उभा राहण्याच्या आधीच सुरू झाल्या, प्राथमिक आणि पुढे माध्यमिकही. ज्या मुलांची दोन-तीन वर्षे जंगलात वाया गेली होती ती आपल्याहून लहान मुलांच्या शेजारी बसून पुन्हा अक्षरे गिरवू लागली. पाठ्यपुस्तके थोडी, काही पॅलेस्टाईनमध्ये पोलिश सैन्याच्या व्यवस्थेने छापलेली, बाकीचे शिक्षिकांच्या स्मरणातून. इतिहास, भूगोल, व्याकरण, प्रश्नोत्तरी, सारे पोलिश भाषेत. बालवीर आणि वीरबालांची पथके निघाली, गायनवृंद निघाले, मुंबईहून ‘भारतातील पोल’ या अर्थाच्या नावाचे पोलिश नियतकालिक येऊ लागले. ज्यांची प्रकृती सावरत नव्हती अशा काही मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवण्यात आले.

हे चित्र फार गोड करून रंगविण्याचे कारण नाही. तळावर भांडणे होती, हेवेदावे होते, रात्री किंचाळत उठणारी मुले होती. दिवसभर भिंतीकडे पाहत बसणाऱ्या बायकाही होत्या. ज्यांचा देव सैबेरियातच राहिला अशी माणसेही त्या पाच हजारांत असलीच पाहिजेत; त्यांनी आठवणी लिहिल्या नाहीत, एवढेच. पण रविवारी चर्चची घंटा वाजे, सोमवारी शाळेची वाजे, आणि या दोन घंटांच्या मध्ये माणसे आठवडा धरून ठेवीत. सैबेरियात जे पांघरुणाखाली चालत होते ते येथे मोठ्याने, सुरात, उघड्या दारांनी चालू झाले.

त्यांच्या या बंदिस्त जगाला एक खिडकी लाभली होती ती उमादेवींच्या रूपाने. त्यांचे मूळ नाव वांदा दिनोव्स्का. त्या थिऑसफीच्या ओढीने युद्धापूर्वीच भारतात आलेल्या पोलिश विदुषी. पोलिश व भारतीय साहित्याची परस्परांशी ओळख करून देणारी ग्रंथमाला त्यांनी काढली. या कामात त्यांना साथ देणारे मॉरिस फ्रिडमन हेही पोलंडचेच, आणि औंध संस्थानातील लोकराज्याच्या प्रयोगाशी त्यांचा निकटचा संबंध होता. उमादेवी वळिवड्यास येत, मुलांना भारताविषयी सांगत, त्यांना सहलीस नेत. ज्या देशाने आसरा दिला त्याचे मन ओळखल्याशिवाय येथून जाऊ नये, असा त्यांचा आग्रह असे. पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात त्या धर्मशाळेला तिबेटी निर्वासितांची सेवा करीत राहिल्या.

तळावरच्या माणसांचे सारे चित्त मात्र युद्धाच्या बातम्यांकडे लागलेले असे. १९४३ च्या एप्रिलमध्ये जर्मनांनी कातिनची प्रेते सापडल्याचे जाहीर केले. सोव्हिएत सरकारने आरोप जर्मनांवरच उलटविला आणि पोलिश सरकारशी संबंध तोडले. वळिवड्यातल्या ज्या बायकांचे पुरुष त्या छावण्यांत होते त्यांनी काय मानावे? यादीत नाव नाही तोवर तो जिवंत आहे, असे मानणे हाच एक मार्ग होता. पोलिश घरात नाताळच्या पूर्वसंध्येला जेवणाच्या टेबलावर एक पान जादा मांडतात, अनपेक्षित येणाऱ्या अतिथीसाठी. वळिवड्याच्या बराकींत ते पान कोणासाठी मांडलेले आहे हे विचारावे लागत नसे.

इटलीत आंडेर्सच्या सैन्यात लढणाऱ्या भावांची, मुलांची, नवऱ्यांची पत्रे येत. १८ मे १९४४ रोजी मॉन्टे कॅसिनोचा मठ पोलिश सैनिकांनी जिंकला, तेव्हा त्या विजयाचा आनंद आणि त्यातील मृतांची नावे दोन्ही कोल्हापुरापर्यंत आली. त्याच इटलीत, त्याच आठव्या सैन्यात मराठा पलटणीही होत्या. नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो त्याच वर्षीच्या जुलैमधील पराक्रमाबद्दल. म्हणजे वळिवड्याच्या तळावर आणि सातारा-कोकणातल्या गावांत एकाच रणभूमीवरच्या पोस्टमनची वाट पाहिली जात होती.

मग १९४५ चा फेब्रुवारी उजाडला. क्रिमियातील याल्टा येथे रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांनी पोलंडची नवी सीमा मान्य केली. पूर्वेकडील मुलूख, ज्यात ल्वूव आणि विल्नो होते, तो सोव्हिएत संघाकडे गेला. त्या मुलखातली माणसे पोलंडबाहेर हजारो मैलांवर बसलेली. त्यांना कोणी विचारले नाही. ५ जुलै १९४५ रोजी ब्रिटन आणि अमेरिका यांनी वॉर्सातील नव्या सरकारला मान्यता दिली, आणि वळिवड्याचा खर्च चालविणारे लंडनचे सरकार एका रात्रीत कागदी झाले. ज्यांच्या बाजूने त्यांचे पुरुष लढले त्या बाजूचा विजय झाला होता, आणि त्यांचे घर मात्र गेले होते.

सैबेरियाच्या अरण्यात ज्या आशेने त्यांना तारले तिचे रूप अगदी साधे होते: एक दिवस आपण आपल्या दाराची कडी काढू. त्या आशेचा विषयच आता उरला नाही. भूक, थंडी, साथ यांना तोंड देताना निदान पुढे काही दिसत होते. येथे पोटभर अन्न होते, ऊन होते, शेजार चांगला होता, आणि पुढे काहीच दिसत नव्हते. या माणसांची खरी कसोटी तैगात झाली की वळिवड्यात, असा प्रश्न कोणी केला तर उत्तर देणे सोपे नाही. पण वळिवड्याचे पारडे हलके नव्हते एवढे निश्चित.

त्यांनी काय केले? दुसऱ्या दिवशी शाळा भरली. त्या सालच्या परीक्षा झाल्या. ज्या देशाचा भूगोल शिकवावयाचा त्याचे नकाशे जुने झाले होते, पण भूगोलाचा तास सुटला नाही. हे वीरकृत्य म्हणून कोणी केले नाही. दुसरे काय करावे ते सुचत नव्हते, असेही असेल. तथापि व्झेश्न्याच्या मुलांचे वंशज आणखी निराळे काय करणार होते? राज्य नसताना राष्ट्र कसे जपावयाचे याचा त्यांना पाच पिढ्यांचा सराव होता. तो सराव आता पंचगंगेच्या काठी कामास आला.

तळाचा कारभार आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे गेला. परत जावयाचे की नाही, हा प्रश्न प्रत्येकाला विचारण्यात आला. थोडी माणसे पोलंडला परतली, मुख्यतः ज्यांचे आप्त तेथे उरले होते ती. बहुतेकांनी नकार दिला. ज्यांनी एकदा त्या मालगाड्या पाहिल्या होत्या त्यांना नव्या राज्यकर्त्यांच्या आश्वासनावर विसंबवेना. बालाचडीच्या अनाथ मुलांना बळजबरीने परत धाडले जाऊ नये म्हणून जामसाहेबांनी त्यांचे पालकत्व कायदेशीरपणे पत्करले. १९४६ साली बालाचडी बंद झाली तेव्हा उरलेली मुले वळिवड्यास आली. १९४७ व ४८ मध्ये टोळ्या एकामागून एक निघाल्या. ज्यांचे पुरुष सैन्यातून ब्रिटनमध्ये स्थिरावले होते त्या इंग्लंडला गेल्या. कोणी पूर्व आफ्रिकेतील तळांवर, कोणी ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेकडे. ज्या गाडीने आले तिच्याच रुळांवरून ते गेले. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत काही कबरी मागे राहिल्या.

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीत घरदार गमावलेले सिंधी निर्वासित त्या तळावर येऊन उतरले. एका निर्वासितांच्या चुलीवर दुसऱ्या निर्वासितांनी भांडे चढविले, आणि त्यातून पुढे गांधीनगर उभे राहिले.

वळिवड्यात वाढलेली मुले जगभर पांगली, पण ती संघटित राहिली. म्हातारपणी पुन्हा पुन्हा कोल्हापुरास येत राहिली. महावीर उद्यानात त्यांनी स्मारक उभारले. वॉर्सात जामसाहेबांच्या नावाने चौक आहे, शाळा आहे. २०१७ साली कोल्हापूरच्या ऋणाचे स्मारकही त्या शहरात उभे राहिले, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे फुले वाहिली.

त्याआधी, १३ एप्रिल १९९० रोजी, सोव्हिएत सरकारने कातिनचे हत्याकांड आपल्याच पोलिसांनी केल्याची कबुली दिली आणि छावण्यांतून नेलेल्या कैद्यांच्या याद्या पोलंडच्या हवाली केल्या. एप्रिलच्या त्या खेपेला त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे पूर्ण झाली होती. वळिवड्याच्या बराकींत जादा पान मांडणाऱ्या ज्या बायका तोवर हयात होत्या, त्या ऐंशीच्या घरात पोहोचल्या होत्या. नवऱ्याचे नाव कोणत्या यादीत, कितव्या क्रमांकावर आहे, ते त्यांना नातवंडांनी वाचून दाखविले.